पाण्याची जुनी वाट

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण परळची ती गल्ली आणि तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि त्यातच समुद्राला मोठी भरती. अशा वेळी पाण्याला जायला जागाच उरत नाही. ठाण्याच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, वायरलेस थांबत नव्हता, आणि अर्धा स्टाफ मांडीभर पाण्यात वाहतूक सांभाळत होता.

अशात भोईवाड्याकडच्या एका चाळीतून एक म्हातारी आणि तिचा मुलगा आले. सोबत पाच-सहा शेजारी. म्हातारीची सून रुग्णालयात रक्त तपासणीच्या विभागात कामाला होती. रात्रपाळी संपवून निघाली, ‘मिलपर्यंत आले, पोचतेच’ असा फोन केला, आणि मग फोन बंद. ठाणे अंमलदाराने मिसिंगची, म्हणजे बाई हरवल्याची, तक्रार दाखल केली. नवरा भिंतीला टेकून पुन्हा पुन्हा तिचा फोन लावत होता. म्हातारीच बोलली, “साहेबानू, तिका पोवूक येना नाय. बेगीन बघा.” सुनेला पोहता येत नव्हतं.

तेवढ्यात आमच्या बीट हवालदाराला खबर लागली. चाळीकडे जाणारी गल्ली बंद मिलच्या भिंतीलगत होती आणि तिच्या तोंडाशी एक कपड्याचं दुकान होतं. तिथल्या माणसाने पाणी आत शिरू नये म्हणून मॅनहोलचं झाकण उघडलं होतं. पावसात उघडं मॅनहोल म्हणजे काय, हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही. अग्निशमन दलाचे जवान ते गटार नाल्याला मिळतं तिथे पोचले आणि त्यांनी जाळी लावली. याचा अर्थ उघड होता. आता कोणी जिवंत बाईला शोधत नव्हतं.

दुकानातल्या माणसाला माझ्यासमोर आणलं.

“झाकणाला मी हात पण नाही लावला, साहेब.”

खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा दाराकडे तरी बघतो नाहीतर जमिनीकडे. हा सारखा त्या नवऱ्याकडे बघत होता. मी झाकणाचा विषय सोडला. त्याला चहा दिला आणि एवढंच विचारलं, “बाईंना तू पाहिलंस ना?”

त्याचा बांध फुटला. “पाहिलं, साहेब. झाकण मीच उघडलं. पण सोडून नाही गेलो. बांबू धरून उभा होतो, येईल त्याला ओरडून सांगत होतो. ताईंनाही सांगितलं. म्हणून त्या लांबून, बंद मिलच्या भिंतीकडून गेल्या. तिथे पाण्याने त्यांचे पाय उचलले आणि गल्लीत आत ओढत नेलं.”

“मग इतका वेळ गप्प का?”

“तुम्ही म्हणाल, मीच मारलं.”

ठाण्यात आलेल्या अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याला हे पटेना. “साहेब, ती गल्ली आत चढत जाते. पाणी चढावर कसं जाईल? हा स्वतःला वाचवतोय.” त्याचं म्हणणं चूक नव्हतं. माणसं मोजकी, होडी एकच. नाल्यावरून ती हलवायची आणि हा खोटा निघाला तर?

म्हातारी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती पुढे आली. “खरा बोलता तो. मोठ्या पुरात आमचो पाळणो त्याच वाटेन गेलो. मिलच्या मागे गावलो.”

मोठा पूर म्हणजे दोन हजार पाचच्या जुलैतला. तिच्या बोलण्याने शेजाऱ्यांनाही आठवू लागलं. “आमचा सिलिंडर पण तिथेच मिळाला होता!” “माझी ट्रंक मिलच्या मागच्या भिंतीला लागली होती.” घरं वेगवेगळी, वस्तू वेगवेगळ्या, आणि सगळ्या एकाच ठिकाणी सापडलेल्या. एक जण म्हणाला, “तिथे मिलचं तळं होतं ना पूर्वी. बुजवलं नंतर.”

मग माझ्या लक्षात आलं. रस्ता डांबराचे थर चढून चढून उंच झाला होता, पण भिंतीलगतची पट्टी जुन्याच पातळीला राहिली होती. तळं बुजवून माणसं विसरून गेली, पाणी मात्र त्याच पट्टीतून अजून तळ्याकडे धावत होतं. मी होडी वळवायला सांगितली.

मिलच्या मागचं गंजलेलं फाटक तोडून आत गेलो आणि सगळे जागीच थांबलो. समोर खरोखर तळं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत तपकिरी पाणी, आणि त्यात संथ फिरणाऱ्या खुर्च्या, पत्रे, एक स्कूटर. पलीकडे मिलच्या पडक्या खात्याच्या, म्हणजे जुन्या शेडच्या, खिडकीला काहीतरी पिवळं दिसलं. बाई गजांना धरून कठड्यावर उभ्या होत्या. एक पाय मोडला होता. तीच पिवळी ओढणी त्यांनी कमरेभोवती घेऊन गजाला गाठ मारली होती.

“शुद्ध गेली असती तर हात सुटला असता,” होडीत घेतल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणून बांधून घेतलं.”

नोकरीत पुष्कळ शूर माणसं पाहिली. असं शांत डोकं क्वचितच पाहिलं.

झाकण उघडल्याबद्दल त्या माणसावर गुन्हा नोंदवला, त्यात सूट नव्हती. पण बाईंचा ठाव त्याच्या जबाबामुळे लागला, हेही मी कागदोपत्री आणलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या चाळीच्या पटांगणात आम्ही सगळ्यांना बोलावलं. महापालिकेचे अभियंते आले, अग्निशमन दल आलं. प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारला: मोठ्या पुरात पाणी कुठून आलं आणि तुमच्या वस्तू कुठे गेल्या? सराईत गुन्हेगार सुटून आला की पोलीस आधी त्याची जुनी कार्यपद्धत बघतात. पुराच्या बाबतीत हे साधं काम आमच्यापैकी कोणीच केलं नव्हतं. त्यानंतर भिंतीलगत कठडा बसला, मिलच्या मागची जागा खोल करून पाण्यासाठी मोकळी राहिली, आणि पाणी घोट्याला लागलं की गल्ली दोरीने बंद करायची, हे चाळीतल्या तरुणांनी आणि आम्ही मिळून ठरवलं.

त्या पावसाळ्यात पाणी पुन्हा आलं. मी चाळीच्या गॅलरीत उभा होतो, खाली दोरीपलीकडे गल्ली रिकामी. पाणी भिंतीपाशी आलं, क्षणभर घुटमळलं आणि वळून मोठ्या आवाजाने आत निघालं. एवढी ताकद मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. गॅलरीभर माणसं उभी राहून बघत होती. पाणी त्याच्या वाटेने गेलं, आणि त्या वाटेत माणूस नव्हता.