मागू नये असं मागणं

यांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी माझा हात यांच्या मनगटाकडे जायचा. तिथे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून शीर जोडलेली होती. बोट ठेवलं की आतून रक्त घरघरताना लागायचं, झोपलेलं मांजर घुरघुरतं तसं. ही घरघर थांबली तर ताबडतोब दवाखान्यात या, असं सांगून ठेवलं होतं. ती बोटाला लागेपर्यंत मी श्वास रोखून पडलेली असायची.

आम्ही नागपूरच्या महाल भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. हे शाळेत चित्रकला शिकवतात. गाव नरखेडकडचं, घरची संत्र्याची बाग. आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा काय बंद केलं, तर संत्रं! मग पाणी. नागपूरच्या मे महिन्यात दिवसाला मोजके कप. हे बर्फाचा खडा तोंडात धरून कूलरसमोर बसायचे. मी मोरीत जाऊन, त्यांना आवाज येऊ नये म्हणून नळ बारीक सोडून पाणी प्यायची.

यांना द्यायला माझी किडनी जुळली नाही. दिराला साखरेचा त्रास. म्हणून मेंदू मृत झालेल्या कुणाच्या घरच्यांनी दान केली तर, अशा आशेवर नाव नोंदवलं. "फोन कधीही येईल, बंद ठेवू नका," दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या. त्या दिवसापासून मी फोन घेऊनच न्हाणीत जायला लागले.

हे दर मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जायचे. पायऱ्यांवर दम लागायचा, तरी जायचे. मी बाहेर चपलांजवळ थांबायची. एकदा यांनी विचारलं, "तू काहून नाही येऊन राहिली वं आत?"

"आत येऊन काय मागू?" मी म्हणाले. "कोणाच्या तरी घरचं माणूस जावं, असं मागू?"

यांनी चपला काढून माझ्याजवळ ठेवल्या. मग म्हणाले, "मागू नको. मी तरी कुठं मागतो? आपल्याले काय पाहिजे ते त्याले माहीत आहे. तो वेळेवर देईल."

मला त्या बोलण्याने धीर आला नाही, उलट धास्तीच वाटली. वेळेवर म्हणजे कधी? डायलिसिसच्या हॉलमध्ये शेजारच्या पलंगावरचे काका एका आठवड्यात दिसले नाहीत. पुढच्या आठवड्यात तिथे दुसरंच कुणी होतं. त्यांचीही वेळ कुणीतरी ठरवलीच असेल ना?

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरताना फोन आला. धावत गेलो. एका किडनीसाठी दोघांना बोलावलं होतं. दुसऱ्याची बायको माझ्याच बाकावर बसली होती, पारशिवनीकडची, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. आम्ही एकमेकींकडे पाहत नव्हतो. तिच्या माणसाचं जुळू नये, असं माझ्या मनात येत होतं, आणि तिच्याही मनात तेच असणार हे मला कळत होतं. दुपारी ताई बाहेर आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचं जुळलं." ती रडत माझ्या गळ्यात पडली. मी तिला धरलं.

ऑटोत बसल्यावर मी यांना म्हणाले, "हाच काय तुमचा देव?"

"हाच," हे म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

चारच दिवसांत यांना ताप भरला. आधी साधाच वाटला, पण उतरेना. तपासण्यांत निघालं की फुप्फुसात क्षयाची लागण दबा धरून बसलेली आहे. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "ऑपरेशन झालं असतं, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली असती. मग हे आवरणं फार अवघड गेलं असतं." मी खुर्चीवर बसले होते तरी खुर्ची घट्ट धरली. किडनी मिळाली नाही म्हणून मी देवाला बोल लावला होता, आणि ती मिळाली नाही म्हणूनच हे माझ्यासमोर जिवंत, खोकत बसले होते.

क्षयाचे उपचार संपायला बरेच महिने गेले. तोवर यांचं नाव बाजूला ठेवलं होतं. भीती कमी झाली नाही. पण एका मंगळवारी मी चपला काढून यांच्यामागे आत गेले.

पुन्हा फोन आला तो भर दुपारी, मी भाजी निवडत असताना. या वेळी जुळलं. ऑपरेशन झालं, तरी नवी किडनी काही दिवस कामच करेना. "कधी कधी उशीर लागतो," डॉक्टर सांगायचे. मी काचेतून लघवीच्या पिशवीकडे बघायची, ती रिकामीच असायची. एका सकाळी सिस्टरनेच मला हाक मारली, "काकू, या, पाहा." पिशवीच्या तळाशी पिवळं पाणी जमलं होतं. मला आधी खरंच वाटेना.

आता हे शाळेत जातात. ताप आला की मी अजूनही घाबरते. ज्या घरातून ती किडनी आली, ते घर कुठलं, आम्हाला कधीच कळणार नाही. त्यांच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल, याचा हिशेब देवाशी कसा लावायचा, ते मला उमगलेलं नाही. मंगळवारी मी आधी त्यांच्यासाठी हात जोडते, मग यांच्यासाठी.