दोघांची सनई

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी ते कॉम्प्युटरच्या डब्यावर पालथा हात ठेवायचे. आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"ताप हाय थोडा," म्हणायचे, "पण चालंल. बाई, आता हलू नका, खोकू नका, आणि पाणी मागू नका."

मग माउसवर बोट टेकवून श्वास रोखून बसायचे. गाणारी मी, पण धाप त्यांना लागायची.

शाहूपुरीत दुकानांच्या मागच्या बोळात त्यांचं घर होतं आणि माडीवर स्टुडिओ. स्टुडिओ हा शब्द आमचा, ते नुसतं 'वरची खोली' म्हणत. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते इलेक्ट्रिशियन होते. सकाळची पाळी करून घरी आले की जेवून वर जायचे. मी शाळेत गाणं शिकवत होते आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे कापडदुकानांच्या जाहिराती, गणपतीच्या आरत्या असं काहीबाही गायला जायचे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं.

अशी खोली तुम्ही पाहिली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे वाद्यं दिसत नाहीत. ती कॉम्प्युटरच्या आत असतात. प्लगिन म्हणतात त्यांना. बासरी, सतार, ढोलकी, व्हायोलिनचा अख्खा ताफा. एकेक बाहेरून आणून मूळ सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं, आणि कीबोर्डची पट्टी दाबली की ते वाजतं. ते या सगळ्यांना पावणं म्हणायचे. "आज नवीन पावणं आलंय बगा, संतूर." पाहुणे जास्त झाले की कॉम्प्युटर दमायचा, आवाज तुटायला लागायचा, आणि एखाद वेळी ऐन अंतऱ्यात पडदा निळा होऊन सगळं बंद. म्हणून ते एक वाद्य वाजवून घ्यायचे, वाजवलेलं साठवायचे आणि ते प्लगिन लगेच बंद करून टाकायचे. "जेवलासा, गायलासा, आता निघा. खोली बारकी हाय."

सगळं गेलं तरी ते चिडत नसत. दोन्ही हात मांडीवर ठेवून निळ्या पडद्याकडे थोडा वेळ बघत बसायचे. मग म्हणायचे, "परत घेऊया की."

घराणं त्यांचं सनईवाल्यांचं, हातकणंगल्याकडचं. आजोबा, वडील, आणि मग थोरले भाऊ, म्हणजे अण्णा. सनईच्या जोडीत एकजण राग वाजवतो आणि दुसरा शेजारी बसून एकच सूर न तोडता धरून ठेवतो. लहानपणी तो सूर यांच्याकडे असायचा. "लगीन कुणाचं, जेवाय काय, कायबी बघायचं न्हाय," ते मला सांगायचे. "गाल फुगवायचं आणि अण्णाकडं बघायचं. बास." पुढे ते आयटीआयला गेले, नोकरीला लागले, आणि त्यांच्या जागी अण्णांनी दुसरा कुणी घेतला.

एका कॅसेटच्या दुकानदाराने त्यांना मंगल कार्यालयांसाठी सनई-चौघड्याची सीडी करून द्यायला सांगितलं. तेव्हा त्यांच्याकडे परदेशात तयार केलेलं सनईचं एक प्लगिन नुकतंच आलं होतं. त्यांनी सगळी सीडी त्यावरच वाजवली. मी ऐकली, आणि छान झालीय म्हणाले. खरंच गोड होती. लग्नसराईत ती जिल्हाभर गेली.

त्याच लग्नसराईत एका दुपारी मी वर गात होते आणि जिन्यावर पावलं वाजली. दारात थोरले भाऊ उभे. डोक्याला फेटा, खांद्याला सनईची पिशवी, पायातल्या वहाणा तशाच. मी गाणं थांबवलं.

"ती सीडी तुझी व्हय?"

"व्हय, अण्णा."

"लाव."

यांनी लावली. थोरल्यांनी उभ्या उभ्याच ऐकली. ऐकताना त्यांची बोटं पिशवीवर हलत होती, ती मी पाहत होते.

"ह्यो कोण वाजवतोय?"

"कोण न्हाय. मशीन हाय."

"मग श्वास कुठं घेतोय?"

यांनी सीडी बंद केली. मग थोरल्यांनीच सकाळी काय झालं ते सांगितलं. ठरलेल्या लग्नाला ते साथीदारांना घेऊन गेले होते. कार्यालयात आत सनई वाजत होती. व्यवस्थापक दारात येऊन म्हणाला, पावणं, आमच्याकडं सीडी हाय आता, तुम्ही आपलं जेवून जावा. "जेवून जावा म्हणाला," थोरले पुन्हा म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. यांच्या घरच्या वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या, तोवर ते जिना उतरत होते.

दोघांचं बोलणं बंद झालं.

त्यानंतरच्या सुट्ट्या यांनी स्कूटरवर घालवल्या. कार्यालयं पालथी घालून आपलीच सीडी मागत फिरले. काहींनी दिली, काहींनी वेड्यात काढलं. बऱ्याच ठिकाणी तिच्या नकला झाल्या होत्या, त्या कुणाकुणाकडे मागणार? एकदा संध्याकाळी परत आले, धुळीने भरलेले. पायरीवरच बसले आणि म्हणाले, "वरच्या खोलीत परत घेऊया म्हटलं की परत घेता येतंय, बाई. भाईर तसलं काय न्हाय."

मग थोरल्यांच्या तोंडातल्या जखमेची बातमी आली. तंबाखू जुनी होती. मिरजेच्या डॉक्टरांनी जबड्याचा भाग काढावा लागेल म्हणून सांगितलं. वाचतील, पण सनई पुन्हा ओठात धरता येणार नाही.

बातमी ऐकली त्याच दिवशी हे हातकणंगल्याला गेले. थोरले आतल्या खोलीत, हे बाहेर कट्ट्यावर. भावजयीने चहा दिला, भावाने शब्द दिला नाही. हे पुन्हा गेले, पुन्हा कट्ट्यावर बसले. शेवटी एकदा उंबऱ्यातून आत बघत म्हणाले, "अण्णा, दवाखान्यात जायच्या आदी तुजा एकेक सूर मला दे. मी ठेवतो."

थोरले आतून म्हणाले, "पोट घेतलंस. आता आवाजबी पायजे?"

हे बोलणं यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, स्वतःची बाजू न घेता. आता विषय संपला असं मला वाटलं. पण दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या सकाळी थोरले आपण होऊन आले. यांनी मला निरोप पाठवला, तुम्ही या, मला एकट्याला जमणार न्हाय. मी शाळेत रजा टाकून गेले.

दुपारी लोडशेडिंग होतं. त्याच्या आत सगळं उरकायचं होतं. काम असं, की सनईचा प्रत्येक सूर सुटा वाजवायचा. हलका, मध्यम, जोरकस. मग ते तुकडे कीबोर्डच्या पट्ट्यांवर एकेक करून बसवायचे. झालं, प्लगिनसारखंच आपलं वाद्य.

थोरल्यांनी सनईच्या टोकाची पत्ती ओठांत धरून ओली केली आणि षड्ज लावला. खोली भरून गेली. यांची मान पडद्याकडे होती, पण खांदे वर चढलेले मला दिसले. प्रत्येक सुरानंतर थोरले टॉवेलने तोंड टिपायचे. थोड्या वेळाने टॉवेलवर लाल डाग दिसायला लागले. यांनीही पाहिले. थांबा म्हणावं तर पुन्हा दिवस मिळणार नव्हता, आणि चालू ठेवावं तर ते डाग. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"ह्यो जरा हलला," थोरले म्हणाले. "परत घे."

"चाललं, अण्णा. झाक हाय."

"झाक न्हाय. परत घे."

गंधारापाशी मात्र त्यांचा धीर सुटला. सनई मांडीवर आडवी ठेवून म्हणाले, "असा सुटा सूर म्हंजे काय रं? दात काढून ताटात मांडल्यागत वाटतंय. रे वरनं ग वर जायची वाट कुठाय ह्यात?"

"वाट मी मागनं करतो."

"तू करतोस?" थोरल्यांनी तोंड टिपलं. मग सनई उचलली.

वरचा पंचम झाला तेव्हा वीज जायची वेळ होत आली होती. थोरले सनई पुसायला लागले, आणि पडदा निळा झाला.

यांनी हात मांडीवर ठेवले, मग कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. तो उठायला केवढा वेळ घेत होता. प्रत्येक सूर झाला की ते साठवत होते म्हणून बाकी सगळं शाबूत होतं. शेवटचा तेवढा नव्हता.

"अण्णा." यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "वरचा पंचम गेला."

थोरले जिन्याकडे निघाले होते. तिथेच उभे राहिले. टॉवेल घडी करून खिशात घातला होता, तो बाहेर काढला. परत येऊन बसले, पत्ती ओली केली, डोळे मिटले आणि तो पंचम असा लावला की मला खिडकीची चौकट धरावी लागली. सूर संपतासंपता वीज गेली. यूपीएस पीं पीं करायला लागला. यांचं बोट माउसवर होतं. साठवलं गेल्याचं दिसलं तेव्हाच त्यांनी मान वर केली, तर समोरची खुर्ची मोकळी. थोरले खाली जाऊन वहिनींकडे पाणी मागत होते.

ऑपरेशन झालं. थोरले वाचले. चेहऱ्याची एक बाजू आत गेली आणि बोलणं असं झालं की घरच्यांनाच कळायचं. इकडे यांनी ते सूर पट्ट्यांवर बसवले, काम कित्येक महिने चाललं. एका रविवारी भावाला आणून ऐकवलं. थोरल्यांनी मान हलवली. नाही.

कीबोर्डच्या डाव्या बाजूला एक छोटं चाक असतं. ते पुढे-मागे फिरवलं की सूर चढतो, उतरतो. यांनी त्याने मींड, म्हणजे सुरातून सुरात घसरत जाणं, काढायचा प्रयत्न केला. थोरल्यांनी पुन्हा मान हलवली. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. मी गाणं सोडून नुसती दारात बसलेली असायचे. भाऊ नाही म्हणायचा, हे पुन्हा वाजवायचे, भाऊ पुन्हा नाही. यांचा चेहरा पडत चालला होता.

मग एकदा थोरले उठले. यांचा हात चाकावरून उचलून बाजूला ठेवला आणि आपला अंगठा तिथे टेकवला. यांनी उजव्या हाताने रिषभाची पट्टी दाबली. थोरल्यांचा अंगठा अगदी थोडा हलला, थांबला, मग सावकाश वर गेला. रिषभ गंधाराला जाऊन भिडला. मधली वाट सापडली होती.

यांनी पट्ट्यांकडे बघणं सोडलं. ते भावाकडे बघत होते आणि बोटं आपोआप चालत होती. थोरल्यांच्या वाकड्या ओठांचा चंबू झाला होता, जणू तिथे पत्ती आहे. थोडा वेळ झाला आणि मला तिथे बसून राहणं बरोबर वाटेना. मी खाली वहिनींपाशी जाऊन शेंगा सोलायला लागले. वरून सनई ऐकू येत होती. वहिनींच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या होत्या.

थोरल्यांच्या मुलीच्या लग्नात दोघं मांडवात शेजारी शेजारी बसले, पुढ्यात कीबोर्ड, मागे जनरेटर. जनरेटरचा आवाज जरा बदलला की यांचा रंग उडायचा. थोरले मात्र डोळे मिटून अंगठा फिरवत होते. अक्षता पडल्या, मशीन बंद पडलं नाही. पंगतीतल्या एका म्हाताऱ्याने यांना विचारलं, "वाजवलं कुणी? तू का त्यानं?" हे म्हणाले, "काय कळंना झालंय बगा."

दुखणं उलटलं आणि पुढच्या उन्हाळ्यात थोरले गेले. दिवस झाल्यावर तोच कॅसेटचा दुकानदार भेटायला आला. बसला, हळहळला, मग म्हणाला, ती सनई तयार आहेच तुमच्याकडं, भावाच्या नावानं एक सीडी काढू, त्यांचं नाव राहील. मला वाटलं हे हो म्हणतील. नाव राहील या शब्दाला माणूस विरघळतो.

"ते वाद्य दोघांचं हाय," ते म्हणाले. "मला निम्मंच वाजवता येतंय."

दुकानदाराने समजूत घालून पाहिली. यांनी ऐकून घेतलं आणि त्याला दारापर्यंत सोडलं.

नोकरी संपल्यावर यांच्या मुलीने त्यांना पुण्याला बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी मी भेटायला गेले तर गच्चीत दोरीवर गोधड्या वाळत होत्या. वरच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून ठोकलेल्या गोधड्या त्यांनी काढून धुतल्या होत्या. "आईनं शिवलेल्या हायत," ते म्हणाले. "पुण्यात थंडी असतीय म्हणं." खाली टेंपो उभा होता. वहिनींनी हाक मारली तसे ते जिना उतरले.

मी वरच्या खोलीत डोकावले. भिंती उघड्या होत्या, खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती. त्यांचा चष्मा खिडकीत राहिला होता. "अहो, चष्मा," मी म्हणाले. इतकी वर्षं त्या खोलीत गायले, पण माझा आवाज तिथे कधी घुमला नव्हता. तो चार भिंतींवर आपटून माझ्याकडेच परत आला. मी चष्मा उचलला आणि टेंपो निघायच्या आत खाली पळाले.