आधी पाळी विचारणाऱ्या डॉक्टरीणबाई

'तोंड उघडा' असं म्हणायच्या आधी डॉक्टरीणबाई बाईमाणसाला विचारायच्या, "पाळी कधी आली होती?" दातांच्या डॉक्टरने असं विचारलेलं आमच्या भडगावात कुणी ऐकलं नव्हतं. बाहेर बाकावर बसलेले पुरुष स्वतःच्या चपलांकडे बघत बसायचे. समोरच्या कटिंगच्या दुकानात तर ही रोजची करमणूक होती. "दात दखस का पोट दखस हाई बाई?" एक जण म्हणायचा. दुसरा लगेच जोडायचा, "तोंडमाईनच पोटलोंग रस्ता जास ना, भाऊ!" मीही त्यांच्यात बसून हसलेलो आहे. हे पहिल्यांदाच लिहून टाकतो, कारण पुढे लिहायचं आहे ते याहून वाईट आहे.

दवाखाना माझ्याच घरात होता. शाळेतून निवृत्त झालो, पत्नी गेली, मुलगा नोकरीला जळगावला. खालच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या मी बाईंना दिल्या. बाई मूळच्या शिंदखेड्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. उंच, सडपातळ, आवाज मात्र शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा. मला त्या पहिल्या दिवसापासून 'आबा' म्हणाल्या.

तो प्रश्न त्या का विचारतात, हे मी एकदा त्यांना विचारलं. म्हणाल्या, "आबा, दिवस गेलेले असतील तर कुठली गोळी द्यायची आणि कुठली नाही, ते मला ठरवावं लागतं. आणि नव्या नवरीला लाजेनं सांगवत नाही. काहींना तर माहीतच नसतं." तसं झालंही होतं. हिरडी सुजली म्हणून आलेल्या एका नव्या सुनेला बाईंनी आधी तपासणी करून यायला सांगितलं, आणि ती गरोदर निघाली. तपासणीचा कागद घेऊन परत आलेल्या त्या पोरीने आनंदाची बातमी दाताच्या खुर्चीत ऐकली. तिची सासू पेढे घेऊन आली ती थेट दवाखान्यात. त्या दिवसापासून गाव बाईंना 'पाळीवाली' म्हणू लागलं. बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "नाव ठेवलं तरी चालेल, उत्तर खरं द्या."

गरोदर बाई आली की बाईंची एक ठरलेली रीत होती. जुन्या लुगड्यांची एक लहान गोधडी घडी करून त्या तिच्या उजव्या कुशीखाली सरकवायच्या, म्हणजे ती थोडी डावीकडे कलंडायची. सरळ उताणं झोपवलं की पोटाचा भार आतल्या शिरेवर येतो, घेरी येते, असं त्या सांगायच्या. मग स्त्रियांच्या डॉक्टरांना फोन लावायचा, आणि तोही आवाज मोठा करून, शेजारी बसलेल्या सासूला ऐकू जाईल असा. "ऐका, तुमच्याच कानांनी ऐका. मी सांगितलं तर म्हणाल ही दुकान चालवते." सासवा मान हलवायच्या. एखादीच्या तोंडाला मशेरीचा वास आला की बाई तिलाही सोडायच्या नाहीत. "आक्का, आधी तुमची डबी इथं ठेवा. सून तुमचं बघूनच लावते ना?" मशेरीच्या अशा कितीतरी डब्या खिडकीत पडलेल्या असायच्या. बऱ्याच जणी जाताना परत उचलून न्यायच्या, हेही खरं.

त्यांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की वरच्या मजल्यावर पेपर वाचता वाचताही ते माझ्या तोंडून निघायचं. "पोटात बाळ आहे म्हणून दाढ काही रजेवर जात नाही."

माझी सून वैशाली सोनगीरची. पहिलटकरीण होती, आणि मुलाची जळगावातली खोली लहान म्हणून माझ्याजवळच राहत होती. चौथ्या महिन्यात तिची खालची दाढ ठणकू लागली. गालात लवंग धरून ती भाकरी थापायची. एक दिवस तीच खाली जाऊन बाईंना दाखवून आली. मागोमाग बाई वर आल्या. "आबा, दाढ आतून किडलीय. हा चौथा-पाचवा महिना याला सगळ्यात बरा. दाढेपुरतं बधिर करू, नस साफ करू, भरून टाकू. पुढे पोट वाढलं की तिला खुर्चीत तेवढा वेळ पडवणार नाही. आणि आत पू धरला तर मग निवड आपल्या हातात राहणार नाही."

मी म्हणालो, "व्याह्यांना विचारतो."

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे सातव्यात डोहाळजेवण झालं की सून माहेरची. तोवर ती आपल्याकडे ठेव असल्यासारखी, आणि ठेवीला हात लावायचा नाही. मी सोनगीरला फोन केला. व्याही, सगळे त्यांना नाना म्हणतात, अतिशय सभ्य माणूस. ते म्हणाले, "आबा, पोर आते तुमनी शे. तुम्ही म्हनशात तसं." मी म्हणालो, "नाही नाना, बाळंतपण तुमच्या घरी. तुमचा शब्द आधी." ते म्हणाले, "आम्ही कसं सांगानं? तुम्ही मोठा." असा मान एकमेकांना देत आम्ही फोन ठेवला. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा केला, पुन्हा तेच. मुलाने फोनवर विचारलं, तर त्यालाही मी सांगितलं की मोठी माणसं बघताहेत, तू मध्ये पडू नकोस. खरं म्हणजे दोघांच्याही मनात एकच भीती होती. दाढेला हात लावला आणि पोटाला काही झालं, तर दोष कुणाच्या घरी जायचा?

बाई जिन्यात भेटल्या की विचारायच्या. मी म्हणायचो, "बोलणं चालू आहे." एकदा त्या चिडल्या. "दोन घरं एकमेकांना मान देता देता त्या पोरीचा जबडा सडवणार आहेत." मला राग आला. भाडेकरूने घरच्या गोष्टीत बोलू नये, असं मला वाटलं. मी तसं बोललोही.

डोहाळजेवण झालं. वैशालीला फुलांचे दागिने घातले होते. ती प्रत्येक फोटोत डावा गाल पुढे करून बसली, उजवा सुजलेला होता म्हणून. पाटावरचं एकही पक्वान्न तिला चावता आलं नाही. बायका हसून म्हणाल्या, "मुलगी होणार, गोडावरची वासना गेली." तिला सोनगीरला न्यायचं त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती उठली ती तापाने फणफणलेली. गालापासून गळ्यापर्यंत सूज. तोंड बोटभरही उघडेना. थुंकी गिळवेना.

बाई धावत वर आल्या. तिच्या हनुवटीखाली बोटं लावून पाहिली, आणि माझ्याकडे वळल्या. "आबा, आता मी विचारत नाही, सांगते आहे. मला पू काढावा लागेल, आणि आजच्या आज तिला जळगावला भरती करायचंय. जबाबदारीने 'हो' म्हणा."

मी 'हो' म्हणालो. हे शब्द मला इथे स्पष्ट लिहायचे आहेत. मी 'हो' म्हणालो, आणि ते मीच म्हणालो.

त्यांनी ती गोधडी तिच्या कुशीखाली घातली. जळगावच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोन लावून तो माझ्या हातात दिला, आपल्या कानाशी धरायला. त्या तिकडून सांगत होत्या, या इकडे करत होत्या. पू निघाला तशी वैशालीने घट्ट धरलेलं माझं मनगट सोडलं. गाडीत बसताना तिला पहिल्यांदा नीट शब्द बोलता आला. म्हणाली, "आबा, आता बरं वाटतंय."

जळगावला पोहोचल्यावर तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. फार लवकर झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, पण ती राहिली नाही.

तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं. मुलगा आत वैशालीजवळ होता, मी एकटाच होतो. "काका, नेमकं कशामुळे हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण दाढेच्या उपचारामुळे नाही, हे सांगते. इतके दिवस अंगात मुरलेला पू आणि ताप, याची मला जास्त शंका आहे. आणि तुमच्या डॉक्टरांनी तो काढला म्हणून सून तरी तुमच्या हाताला लागली. सूज आत श्वासनलिकेपर्यंत उतरली असती तर दोघीही गेल्या असत्या." मी सगळं ऐकलं. शिक्षकाचा कान आहे, शब्द न् शब्द लक्षात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनगीरची मंडळी जळगावला आली. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली नाना उभे होते, डोळे लाल. त्यांनी ओरडून नाही, अगदी हळू विचारलं, "पोटुशी पोरना दातले हात कोनी लावा, आबा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आम्ही नको नको म्हणत होतो. बाईंनी ऐकलं नाही."

त्याच वेळी बाई पायरीवर उभ्या होत्या. भडगावचा दवाखाना बंद करून त्या बसने आल्या होत्या. वैशालीचं तोंड अजून नीट उघडत नसणार म्हणून थर्मासमध्ये मुगाचं पाणी आणलं होतं. त्यांनी माझं वाक्य पूर्ण ऐकलं. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी सांगेन म्हणून वाट बघितल्यासारख्या. मी सांगितलं नाही. मग त्या आत गेल्या, वैशालीला चमच्याने ते पाणी पाजलं, आणि कुणाशी न बोलता निघून गेल्या.

कुणी दगड मारला नाही, बोर्ड फोडला नाही. फक्त बायका यायच्या बंद झाल्या. आधी गरोदर, मग बाकीच्याही. कटिंगच्या दुकानातली थट्टाही थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. कुणी मला विचारलं तर मी म्हणायचो, "जाऊ द्या, झालं ते झालं." या बोलण्यामुळे मी मोठ्या मनाचा ठरलो. गावातल्या दुसऱ्या दातांच्या डॉक्टरांनीही धसका घेतला. गरोदर बाई गेली की ते दारातूनच सांगतात, "बाळंतपणानंतर या."

बाई खोल्या सोडून धुळ्याला गेल्या. किल्ली द्यायला वर आल्या तेव्हा मी मान वर केली नाही. त्या म्हणाल्या, "आबा, वैशालीच्या दाढेचं काम अर्धं राहिलंय. तिला धुळ्याला पाठवा." दुसरं काही नाही.

वैशाली जळगावला मुलाकडे राहायला गेली. सणाला येते, पाया पडते, ताट वाढते. बोलत नाही. पुढे तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा पहिल्या महिन्यांतच ती एकटी धुळ्याला जाऊन दात दाखवून आली. तिने कुणालाच विचारलं नाही. आता नातू खेळतो. तो झाला तेव्हा पेढ्यांचा एक डबा धुळ्याला गेला, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी मी धुळ्याला गेलो. दात दुखतो असं निमित्त केलं, आणि दात खरोखरच दुखत होता. बाईंचे केस पांढरे झालेत. त्यांनी दात बघितला, साफ केला, कापूस दाबून धरायला दिला. कापूस काढून मी म्हणालो, "बाई, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"मला काय सांगता आबा? मी तिथंच उभी होते," त्या हात धुता धुता म्हणाल्या. "जे तिथं नव्हते, त्यांना सांगा. तुमच्या गल्लीतली एखादी पोरगी दुखणं गिळून बसली, की तिच्या सासूला सांगा."

ती वेळ परवा आली. गल्लीच्या टोकाकडच्या घरातली सासू सुनेला घेऊन फाटकाशी थांबली. सुनेला सहावा महिना, गालाला ओढणी गच्च बांधलेली. सासू म्हणाली, "आबा, तुम्ही भोगेल शे म्हनीसन इचारस. दाढ दखाडू का बाळंतपण व्हवू देऊ?"

मी तिला बसवलं. वर लिहिलं ते सगळं सांगितलं, काही न गाळता. उशीर मी केला, 'हो' मी म्हणालो, खोटं मी बोललो, आणि सून वाचली ती बाईंमुळे. सासूने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती उठली, आणि माझ्याकडे इतक्या मायेने बघून बोलली की मला पाय धरावेसे वाटले.

"आबा, तुमनं मन मोठं शे. दुसरानं पाप स्वतःना डोकावर लई राहिनात. पण आमले बठ्ठं माहीत शे. तव्हय तुम्हीच सांगेल व्हतं ना?"

"तेव्हाचं खोटं होतं, माय," मी म्हणालो. पण मी बाईंचं पाप स्वतःच्या अंगावर घेतोय, असंच तिने धरलं होतं.

"ऱ्हाऊ द्या आबा. वय झायं तुमनं. चाल वं."

सुनेने जाता जाता मान वळवली. ओढणीमुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. "आबा, त्या बाई धुळ्यामा कोठे बसतस?"

सासूने तिचा दंड धरला आणि तिला पुढे ओढलं. मी फाटक धरून उभा राहिलो. आयुष्यभर वर्गात कधी ओरडलो नाही, तेवढ्या आवाजात ओरडलो. बसस्टँडच्या मागे, कापडाच्या दुकानाशेजारचा बोळ, पहिला मजला. लोक खिडक्यांतून बघू लागले. मी पुन्हा ओरडलो, बसस्टँडच्या मागे, पहिला मजला, आणि त्या दोघी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ओरडत राहिलो.