देवाच्या मालकीची मोटार

आमच्या ह्यांनी मोटार देवाला देऊन टाकली तेव्हा मला विचारलं नव्हतं. विचारायला सवडही नव्हती म्हणा. वरंधचा घाट उतरताना ब्रेक लागेनासा झाला. मागे गुळाच्या ढेपा, शेजारी मी आणि समोर वळण. हे मोठ्याने ओरडले, "देवा, वाचव! गाडी तुझी!" तेवढ्यात गाडीने रस्ता सोडला, एका शेताच्या बांधावर चढली आणि दमलेल्या म्हशीसारखी खाली बसली.

मी आधी माझं डोकं चाचपलं, मग ह्यांचं. दोन्ही जागेवर होती.

"आता शब्द गेला," हे म्हणाले.

"गेला तर गेला. पण देताना 'आमची गाडी तुझी' म्हणायचं होतं. निम्मी माझ्या बांगड्यांची आहे," मी म्हटलं.

आम्ही मूळ वसईकडचे किरिस्ताव. ह्यांनी मुंबईत एका गोऱ्या साहेबाची मोटार बरीच वर्षं चालवली होती. पुढे एक जुनी लॉरी घेतली, तिला बाकं ठोकली, वर ताडपत्रीचं छप्पर घातलं आणि महाड ते पोलादपूर सर्व्हिस सुरू केली. मधूनच एखादी मालाची फेरी असायची, तशीच ती घाटातली. महाडात आमच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं, मग देऊळ कुठलं असणार! भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती, तिच्यासमोर गुडघे टेकले की झाली प्रार्थना.

आता दिलेली वस्तू पोचती कशी करायची, हा पेच होता. पावसाळा सरला की आमच्याकडचे एक वयस्क फादर लाँचने दासगाव बंदरात उतरत आणि आम्हाला भेटून जात. त्या वर्षी ते आले, सुरमईचं कालवण पोटभर जेवले आणि ह्यांनी सगळी हकीकत सांगितली.

"मला मोटार नको रे बाबा," फादर म्हणाले. "मला मोटार लागते, उलट्या होतात. आणि देवाला तरी कुठं जायचंय?"

"पण मी दिली म्हटलं ना."

"मग दे की. मालक तो, तू ड्रायव्हर. मुंबईला साहेबाच्या गाडीवर होतास, तेव्हा कसा वागायचास?"

हे विचार करून म्हणाले, "वेळ चुकवत नव्हतो. तोंड सांभाळत होतो. खोटं बोलत नव्हतो."

"झालं तर! आणखी काय पाहिजे देवाला?"

मी पदर तोंडाला लावला. कारण सर्व्हिसच्या मोटारीचा सगळा धंदाच मुळी एका खोट्यावर चालायचा. "चला पोलादपूर, निघाली, निघाली!" असं हे सकाळपासून ओरडायचे, भोंगा दाबायचे आणि गाडी तिथेच. बाकं भरली, छपरावर टोपल्या चढल्या, मडगार्डावर दोघं लटकले, म्हणजे मग ती हलायची. त्यातून आमच्या गाडीला खोत होते. राहायला महाडात, पण जमिनी पोलादपूरकडे, असे मोठे जमीनदार. ड्रायव्हरशेजारची जागा त्यांची, आणि त्यांचा चहा संपल्याशिवाय गाडी सुटत नाही हे स्टँडवरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी फादरांनी गाडीला आशीर्वाद दिला. आम्ही बॉनेटवर झेंडूच्या माळा घातल्या होत्या. स्टँडवर ही गर्दी. फादर मंत्र म्हणत पवित्र पाणी शिंपडू लागले, तसे बघ्यांनी तीर्थासाठी तळहात पुढे केले. फादर जरा थबकले, मग ज्याच्या त्याच्या हातावर थेंब थेंब पाडत गेले. खोत स्वतः नारळ घेऊन आले होते.

"पाद्रीबाबा, नारळ फोडल्याशिवाय यंत्राला हात लावू नये," ते म्हणाले.

"फोडा की," फादर म्हणाले. "फक्त खोबरं सगळ्यांना मिळू द्या."

ह्यांनी तसबीर घरून आणून ड्रायव्हरच्या जागेसमोर टांगली आणि घसा साफ करून जाहीर केलं, "आजपासून मोटार देवाची. कचेरीत आठाचे टोले पडले की सुटणार. भरो न भरो." सगळ्यांनी खोबरं चावत माना डोलावल्या. विश्वास एकाचाही बसला नव्हता.

मलाही तो दुसऱ्या दिवशी सकाळीच बसला. पहिली फेरी रिकामी जायला नको म्हणून ह्यांनी मला गाडीत बसवलं होतं. आणखी एक म्हातारी होती, मांडीवर टोपली आणि टोपलीत कोंबडी. कचेरीतले टोले पडू लागले. खोत चहाच्या दुकानात बशी फुंकत होते. शेवटचा टोला पडला आणि हे हँडल घेऊन गाडीच्या पुढे गेले.

"अरे थांब रे," खोतांनी हाक मारली. "चहा गरम आहे."

"खोत, आठ झाले."

"बरं मग? गाडी कुणाची?"

"देवाची."

"मग त्याला सांग मी आहे म्हणून. आमची जुनी ओळख आहे."

सगळं स्टँड हसलं. ह्यांनी हँडल बसवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी तसबिरीकडे बघितलं. तिकडून काही मदत दिसेना. एरवी ती गाडी सुरू व्हायला खांदे निखळेपर्यंत हँडल मारावं लागायचं. त्या दिवशी पहिल्याच झटक्याला धडधडली. खरं सांगते, मला देवाचा थोडा रागच आला.

आम्ही निघालो. मागून "अरे, गेली की!" असा एकच कल्ला झाला. दोघं-तिघं धावलेही, पण चहाने भरलेल्या पोटाने किती धावणार! म्हातारीने पुढची जागा रिकामी बघितली आणि बाकावरून उडी मारल्यासारखी पुढे जाऊन बसली. "मागं लय हादरं बसतात गो," ती मला म्हणाली.

हे सारखे मागे वळून बघत होते. खोतांना दुखवणं म्हणजे निम्म्या खोऱ्याला दुखवणं, हे दोघांनाही कळत होतं. आणि अशातच ओढ्याच्या उतारावर गाडी चिखलात रुतली. हे ढकलत होते, मी ढकलत होते, म्हातारी आत बसून "हुईऽऽ" म्हणत होती. चाक जागच्या जागी फिरत राहिलं आणि मी गुडघ्यापर्यंत माखले.

इतक्यात मागून घुंगरांचा आवाज आला. खोतांची बैलगाडी! त्यांना पोलादपूर गाठायचंच होतं. ते खाली उतरले. आधी चिखलाकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग आपल्या जागेवरच्या म्हातारीकडे.

"ऊठ ग. ती माझी जागा आहे."

"तुमची कशी? मालक देव हाय. त्याला विचारा."

 खोतांनी खरंच तसबिरीकडे बघितलं, बराच वेळ. मग गड्याला म्हणाले, "सोड बैल."

"खोत, सकाळी मी..." ह्यांनी सुरुवात केली.

"गप रे. दोर कुठं बांधायचा ते दाखव."

दोन ढवळे बैल जुंपले, गड्याने शेपट्या पिरगाळल्या, आम्ही मागून रेटा दिला आणि गाडी फसकन बाहेर आली. हे हात पुसत म्हणाले, "बसा ना, खोत." पुढे म्हातारी पाय पोटाशी घेऊन पक्की बसलेली. खोत मुकाट्याने मागच्या बाकावर कोंबडीच्या टोपलीशेजारी बसले.

"जोरात घे," ते म्हणाले. "तुझ्या मालकाला उशीर खपत नाही म्हणे."

रात्री जेवताना ह्यांनी मला विचारलं, "माझं चुकलं का ग?" मी म्हटलं, "सुटलात ते बरोबर. पण उद्यापासून साडेसातलाच खोतांना आठवण करून द्या. देवाच्या नोकराने तेवढं करायला हरकत नाही." त्यांना ते पटलं.

दुसऱ्या दिवशी खोत बशीसकट गाडीत येऊन बसले आणि चहा तिथेच प्यायले. मग सगळं स्टँडच लवकर उठायला लागलं. गाडी रिकामी जाण्याची वेळ क्वचितच आली.

एक दिवस परतीच्या फेरीला मी गाडीत असताना वरच्या वाडीतली एक तरुण बाई चढली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता, आजारी पडल्याचा निरोप आला होता. दासगावची लाँच गाठायची म्हणून पहाटेपासून डोंगर उतरून आली होती. वाटभर ती गाठोडं घट्ट धरून होती. महाडात पोचलो, तेव्हा लाँचला पुष्कळ वेळ होता. हे तिला म्हणाले, "बाई, सावकाश जा, मिळेल." उतरताना तिने तसबिरीकडे बोट केलं.

"ह्यो कुठला देव गो?"

"आमचा," मी म्हटलं.

तिने क्षणभर बघितलं. "बरा हाय," ती म्हणाली. "येळेवर निघतो." आणि गाठोडं डोक्यावर घेऊन दासगावच्या रस्त्याला लागली.