भामचंद्रावरची गवताची वाट

पौषात डोंगरवाट कोरडी असते, म्हणून तीच निर्धोक, असे मी माझ्या मेहुण्यांना, वसंतरावांना, पटवून दिले आणि रविवारी भामचंद्राच्या डोंगरावर जायचे ठरले. वसंतराव मूळचे लातूरचे. पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात टर्नर म्हणून हंगामी कामावर होते. सोमवारी कारखान्याचे डॉक्टर त्यांना तपासणार होते. हातपाय ठीक ठरले तर नोकरी कायम, नाहीतर बिऱ्हाड परत लातूरला. निघताना बहीण एवढेच म्हणाली, "दादा, यांना धड आण."

चिंचवडहून पहाटे सायकली काढल्या. मोशीजवळ इंद्रायणीवर इतके धुके होते की पुलाचे दुसरे टोक दिसेना.

"मास्तर, बोटं गारठली. ब्रेक लागंना," वसंतराव मागून म्हणाले. मी शाळामास्तर, म्हणून तेही मला मास्तरच म्हणत.

"मग हळू चालवा."

"हळू चालवायलाच ब्रेक लागतो की."

चाकणला गरम भजी आणि चहा घ्यावा. पुढे काही मिळत नाही. तेथून पश्चिमेला बैलगाडीचा कच्चा रस्ता आहे. सायकली वासुलीत एका गोठ्यात ठेवल्या आणि चढू लागलो. चढणीची वाट दगडांची, अरुंद, पण पाय नीट ठरणारी. तासाभरात लेण्यांपाशी पोहोचलो. खाली हरभऱ्याची हिरवी शेते, दूरवर धुरकट सह्याद्री. भाकरी आणि ठेचा तिथेच खाल्ला.

चूक झाली ती उतरताना, आणि ती माझी. दगडवाटेच्या डावीकडे पिवळ्या गवतातून एक रुंद, गुळगुळीत पट्टा सरळ खाली गेलेला दिसला. वाट जितकी रुळलेली तितकी खात्रीची, असा नियम मी सांगितला आणि वसंतरावांना पुढे घातले. त्यांच्या पायात कारखान्याचे, कातडी तळाचे बूट होते. हिवाळ्यात वाळलेली काडी पोकळ आणि चकचकीत होते. पायाखाली ती दबत नाही, फिरते. हे मला ठाऊक होते, पण आठवले तोवर वसंतराव आडवे होऊन घसरू लागले होते. पंधरा-वीस हात खाली गेल्यावर गवताचे एक ठोंब त्यांच्या हाती लागले. त्यापुढे पट्टा होता, आणि मग नुसते आकाश.

"उठू नका. बसूनच ऱ्हावा," वरून आवाज आला. डोक्यावर फडके बांधलेली, हाती विळा घेतलेली एक बाई दगडवाटेवर उभी होती. "ती मान्सांची वाट न्हाई, पाव्हणं. आमी गवताचं भारे तिथनं सोडतो. म्होरं कडा हाय. भारे कड्यावरनं खाली पडत्यात, तिथं गाडी हुबी आस्ती."

तिने कमरेला गुंडाळलेला, भारा बांधायचा दोर सोडला आणि उताराला आडवी, दगडावरून दगडावर पाय ठेवत, त्यांच्या वरच्या अंगाला आली. एक टोक वसंतरावांकडे फेकले, दुसरे, मला जवळ बोलावून, माझ्या हाती दिले.

"बूट काढा, राव. टाचा रोवा. आन् मागं बघू नका."

"बघायची इच्छाच नाही, मावशी."

आम्ही दोघांनी ओढले. दगडापाशी पोहोचल्यावर वसंतराव खडकावर बसले. मग दोन्ही गुडघे वाकवून पाहिले, मनगटे फिरवून पाहिली. सगळे जागेवर होते. तळहात मात्र गवताने चिरले होते.

"शिकल्याली दिसता," बाई मला म्हणाली. "मग कुणाला तरी इचारायचं की."

तेव्हा जाणाऱ्यांनी इतके करावे: पौषात सकाळचे दव सुकल्याशिवाय चढू नये, तळ रबराचा असावा, उतरताना दगड सोडू नयेत, आणि गवतकापणीच्या दिवसांत गुळगुळीत वाट दिसली तर आधी कापणाऱ्यांना विचारावे.

दिवेलागणीला घरी पोहोचलो. बहिणीने नवऱ्याचे हात पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि हळद आणायला आत गेली. रात्री माझे ताट तिने आपटूनच वाढले.

सोमवारी संध्याकाळी वसंतराव आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. "गुडघे ठोकले, पाठ वाकवली, सगळं झालं. मग डॉक्टरांनी तळहात बघून विचारलं, हे काय?"

"मग?" बहिणीने आतूनच विचारले.

"म्हणलं, गवत कापायला गेलतो. तर म्हणाले, मेहनती माणूस दिसतो, आणि सही केली."

स्वयंपाकघरातून, कालपासून पहिल्यांदाच, बहिणीचे हसू ऐकू आले.