फळीवरचा सदीक

मी थायलंडला फिरायला गेलो नव्हतो. एका म्हातारीसमोर बसून, तुझा मुलगा माझ्यामुळे गेला, एवढं एक वाक्य बोलायला गेलो होतो. पण कुवेतमधल्या, खैतानच्या आमच्या खोलीतल्या बाकीच्या तिघांना हे कोण सांगणार? ते आपले डोळे मिचकावत होते. "काय रे, थायलंड? एकटाच? घरी वहिनीला कळवलंस का?" मी म्हटलं, "शिरा पडो तुमच्या तोंडावर," आणि बॅगेची चेन ओढली.

ज्याच्या आईकडे चाललो होतो त्याला मी सदीक म्हणायचो. अरबीत सदीक म्हणजे मित्र. कुवेतमध्ये ज्याच्या नावावर जीभ वळत नाही तो प्रत्येक जण सदीकच असतो. तोही मला सदीक म्हणायचा. नऊ वर्षं आम्ही एकमेकांना याच एका शब्दाने हाका मारल्या. तो वेल्डर, मी फिटर. मीना अब्दुल्ला रिफायनरीच्या बाजूला एका यार्डात पाइपाची दोन टोकं मी जुळवून द्यायची आणि त्याने ती वेल्डिंगने सांधायची. आमच्या कामात जोडी ठरलेली असते. फिटरने चूक केली तर शिव्या वेल्डरला, आणि वेल्डर रेंगाळला तर बोलणी फिटरला. त्यामुळे त्याला घाई करणं हे माझं रोजचं कामच होतं.

माझ्या डब्यातली सुकट तो मिटक्या मारत खायचा. भाषा आमची म्हणजे यार्डातली मोडकी हिंदी. त्याचा गाव थायलंडच्या पूर्व टोकाला, नाखोन फानोम प्रांतात, मेकाँग नदीच्या काठावर. पलीकडच्या काठाला लाओस. सुट्टीच्या वेळेत तो मोबाइलवर गावाकडचे व्हिडिओ दाखवायचा. पावसाळा संपला की त्यांच्याकडे बांबूच्या अजस्र होड्या करतात, त्यांवर हजारो दिवे लावतात आणि नदीत सोडतात. एप्रिलमध्ये नवीन वर्षाचा सण, सोंगक्रान, तेव्हा सगळा गाव एकमेकांवर पाणी उडवतो. "सदीक, एक बार आओ," हे त्याचं दरवर्षीचं पालुपद. मी म्हणायचो, येईन रे मेल्या, आधी हा जॉइंट उरक.

मे महिन्याच्या शेवटी ते झालं. दुपारचं उन्हातलं काम बंद ठेवायचा नियम जूनपासून लागतो. तो लागायला चार दिवस होते. त्यामुळे वरून तगादा होता आणि पाइपाला हात लावला तर चटका बसत होता. साडेअकराला सदीकने हेल्मेट वर केलं आणि म्हणाला, "सदीक, चक्कर. थोडा रुको." त्याचा चेहरा मला दिसला होता, दिसला नाही असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं, "एकच राहिलाय. उरक आणि मग बस पाहिजे तेवढा." त्याने हेल्मेट खाली घेतलं. जॉइंट पुरा केला, नेहमीसारखाच सुबक. मग पाइपाला टेकून खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही. कागदावर हृदयविकार आला. त्याच्या आईला व्हिडिओ कॉलवर, त्याच्या मुलीमार्फत मी सांगितलं, झटकन गेला, काही त्रास झाला नाही. तो रुको म्हणाला होता हे मी गिळलं. ते अकरा महिने घशात अडकून बसलं होतं.

पुढच्या मार्चमध्ये त्याच्या मुलीचा मेसेज आला. ही वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, इंग्रजी चांगलं बोलणारी. सदीकची बायको कधीच सोडून गेलेली, घरात ही आणि तिची आजी. तिने लिहिलं, सोंगक्रानला बाबांसाठी देवळात विधी आहे, शेवटी त्यांच्याजवळ तुम्ही होता, तर आजीची इच्छा आहे तुम्ही यावं. मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

गाव माझ्या गावासारखाच निघाला. भाताची खाचरं, केळी, माशाचा वास, नदीच्या अंगाला देऊळ. आजीने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. घरात शिरलो तर समोर फळीवर सदीकचा फोटो, आणि फोटोपुढे पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं एवढंसं मडकं. मी विचारलं हे काय, तर मुलगी म्हणाली, बाबांच्या अस्थी.

अकरा महिने? घरात? आमच्यात तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतात आणि त्या घरात आणतसुद्धा नाहीत, झाडाला टांगून ठेवतात आणि दहाव्याच्या आत पाण्यात सोडतात. मला वाटलं, अरेरे, मुलगा नाही, भाऊ नाही, विसर्जन करायला घरात पुरुषमाणूसच नाही, म्हणून बिचारा असा फळीवर अडकून पडलाय. विचारायला हवं होतं. पण मला सगळं कळलंय असंच मी धरून चाललो. आणि खरं सांगतो, आत कुठेतरी हायसंही वाटलं. निदान एक गोष्ट मी याच्यासाठी नीट करू शकेन, असं वाटलं.

मुलीने दुसऱ्या दिवशीचा बेत सांगितला. सकाळी देवळात बाबांच्या अस्थींना अत्तराच्या पाण्याने स्नान. दुपारी घरी, लहानांनी मोठ्यांच्या हातावर पाणी घालायचं आणि वर्षभरात जे चुकलं असेल त्याची माफी मागायची, मग मोठे आशीर्वाद देतात. मी मनाशी ठरवून टाकलं, दुपारी आजीच्या हातावर पाणी घालताना सांगून मोकळं व्हायचं.

सकाळी रस्त्यावर नुसता धिंगाणा. पोरंटोरं पाण्याच्या पिंपांसकट गाड्यांवर चढलेली, देवळात पोचेस्तोवर मी चिंब. देवळाच्या अंगणात एका बाजूला कुंपणाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. भिंतीत ओळीने चौकोनी लाद्या बसवलेल्या, प्रत्येकीवर कुणाचा तरी फोटो आणि खाली दोन ओळी. आमच्या ग्रामदेवळात देणगीदारांच्या पाट्या असतात, तसलंच काहीतरी समजलो मी. एका जागी लादी नव्हती, भोक होतं, आणि एक गवंडी घमेल्यात सिमेंट कालवत बसला होता. म्हटलं, डागडुजी चाललीय.

भिक्षूंनी मंत्र म्हटले. मग मडक्यावरचं फडकं सोडलं आणि मोगऱ्याच्या पाकळ्या घातलेलं पाणी एकेकाने आत ओतलं. मला दुसरा मान दिला. आमच्याकडेही अस्थींना आधी दुधापाण्याने स्नान घालतात, त्यामुळे पुढचं माझ्या हातांना पाठच होतं. आजी उठली. मडकं माझ्या हातात दिलं, हात जोडले. सगळ्यांनी हात जोडले.

मी वळलो आणि पायऱ्या उतरलो. कुणी अडवलं नाही. पाण्याच्या सणाच्या दिवशी माणूस नदीकडे निघाला तर कोण कशाला अडवेल? गुडघाभर पाण्यात गेलो, दक्षिणेकडे तोंड केलं, "जा बाबा, मोकळा हो," म्हटलं आणि मडकं पालथं केलं. मागून मुलीची किंकाळी आली तेव्हा मडक्यात पाण्याचे दोन थेंब राहिले होते.

आजी साडीसारख्या त्या गुंडाळलेल्या वस्त्रासकट पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी गाळ चाचपू लागली. मग सगळेच उतरले. कुणी मासे धरायच्या टोपल्या आणल्या, गाळ उपसून चाळू लागले. एप्रिलमध्ये नदी आटलेली, पण काठाला ओढ होतीच. जे जे पांढरं दिसेल ते आजीच्या तळहातावर आणून ठेवायचे. ती अंगठ्याने घासून बघायची आणि परत पाण्यात सोडायची. शिंपला. खडा. पुन्हा शिंपला. दोन तास हे चाललं होतं. मुलीने मला तेव्हा सांगितलं की लादीमागे अस्थी ठेवतात. त्या भोकाच्या शेजारची लादी तिच्या आजोबांची, पलीकडची जागा आजीने स्वतःसाठी राखून ठेवलेली. मडकं मला दहा पावलं भिंतीपर्यंत न्यायला दिलं होतं, त्याचा मित्र म्हणून. गवंड्याने कालवलेलं सिमेंट तोवर वाळून गेलं होतं.

दुपारी तरीही सगळे रांगेत बसले. मीही बसलो. माझा नंबर आल्यावर मी आजीच्या हातांवर पाणी घातलं. तिच्या नखांत अजून गाळ होता. ठरवलं होतं ते तसंच ठेवलं. एक वाटोळं करून वर दुसरं कुठल्या तोंडाने सांगू? इतरांना तिने डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिले. माझी वाटी रिकामी होईपर्यंत तिने हात पुढे धरले, आणि मग पदरासारख्या फडक्याला पुसले. राग असता तर बरं झालं असतं, दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी मी त्या घेतल्या असत्या.

निघताना मुलगी म्हणाली, "आजी विचारते, तिकडे बाबांच्या अंगावरचं काही राहिलंय का? भिंतीत काहीतरी ठेवायला हवं."

राहिलं होतं. त्याचं वेल्डिंगचं हेल्मेट यार्डात माझ्या लॉकरमध्ये पडलं होतं, मी वर्षभर त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. कुवेतला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी लॉकर उघडला. हेल्मेटच्या आतल्या कपाळपट्टीला घामाचे पांढरे डाग आणि त्यात चिकटलेले केस. चिमट्याने सोडवले. पाच निघाले, त्यातले तीन पिकलेले. स्टीलच्या डबीत घातले. मुलीला कळवलं. तिचं उत्तर आलं, "आजी म्हणते, कुरियरने नको. घाई करू नका, पुढच्या सोंगक्रानला स्वतः घेऊन या."

घाई करू नका. तिला काय ठाऊक, ती कुणाला काय सांगतेय! मी बाथरूमची कडी लावून ढसाढसा रडलो. मग फोन घेतला आणि मोडक्या इंग्रजीत रेकॉर्ड करून सगळं सांगितलं. तो रुको म्हणाला होता. मी नको म्हटलं. जॉइंट एकच होता, दुसऱ्या दिवशी झाला असता. हे तिच्या बापाबद्दल आहे आणि तिलाच तिच्या आजीला सांगावं लागणार, हे कळत होतं. तरी पाठवलं.

ऐकल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं पाचव्या दिवशी. आधी एक फोटो. देवळाची ती भिंत, भोक बुजवलेलं, लादी बसवलेली, तिच्यावर सदीकचा हसरा चेहरा. मागे काहीच नसताना बसवलेली लादी. त्याखाली एक ओळ होती : आजी म्हणते, केस आता तुमच्याकडेच राहू देत.

आमच्यात असलं काही घरात ठेवत नाहीत. मी माझ्या कॉटवरच्या फळीवरून चहाची पुडी आणि औषधं बाजूला सारली आणि डबीसाठी जागा केली.