मोजलंय तेवढंच

निपाणीच्या कॉलेजात चौगुले सर आमचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल घ्यायचे. जर्नल तपासताना त्यांची लाल रेघ उत्तरावर नव्हे, उत्तराच्या शेपटीवर पडायची. कॅल्क्युलेटरवर ९.७८३४६ आलं म्हणून मी तसंच उतरवलं, तर त्यांनी पट्टी माझ्यापुढं धरली. "हितं काय दिसतंय तुला? मिलिमीटर. त्याच्या फुडचं कुणी बघितलं? मग ल्हितीस कशाला गं?" ९.८ ठेवून पुढचे आकडे त्यांनी इतक्या जोरात खोडले की कागद फाटला.

"मोजलंय तेवढंच बोलावं," हे त्यांचं पालुपद. पाठीमागं सगळे त्यांची नक्कल करायचे. मला मात्र ते कधी करवलं नाही.

पुढं मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. एका हुशार मुलीचे निम्मे मार्क सरांनी याच चुकीसाठी कापले. ती रडत बाहेर गेली तेव्हा मला राहवलं नाही. "सर, पद्धत बरोबर होती, उत्तरही. दोन आकडे जास्त लिहिल्यानं कुणाचं काय बिघडतं?"

सर स्टुलावर बसले. वर्गात कधी न ऐकलेल्या आवाजात बोलायला लागले.

ते बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांच्या शेतातली विहीर खोल करायचं काम चाललं होतं. दगड दोरानं वर ओढत. एका खेपेला किती भरायचे, असं थोरल्या भावानं त्यांना विचारलं. सरांनी शाळेतल्या पट्टीनं दोराची जाडी मोजली, सूत्रात घातली. दोर २१२.८६ किलो पेलेल, असं उत्तर आलं.

"आण्णानं इचारलं, 'नक्की रं?' मी म्हणालो, 'दशांशापर्यंत नक्की.' त्यानं दोनशेपर्यंत भरलं." सरांनी टेबलावरची पट्टी उचलली. "पट्टीवर एक मिलिमीटर इकडंतिकडं धरलं असतं, तर एकशेऐंशीबी निघालं असतं. दोनशेच्या आसपास, एवढंच मला ठावं हुतं. बाकीचं मी बघितलंच न्हवतं."

दोर तुटला तेव्हा आण्णा विहिरीच्या तळाशी होता.

सरांनी लग्न केलं नाही. आण्णाच्या मागं वहिनींना स्वतःच्या शेवटपर्यंत सांभाळलं. निवृत्तीनंतर दोघं बेळगावला खासबागेत राहायला गेले. सर गेल्याचं कळलं तशी मी वहिनींना भेटायला गेले. भिंतीवर आण्णांच्या फोटोशेजारी सरांचा नवा फोटो होता. सरांनी मला विहिरीबद्दल सांगितलं होतं, हे मी वहिनींना म्हणाले.

"त्या दोराचा पीळ सुटलाय, हे ह्यांनी सकाळीच बघितलतं," आण्णांच्या फोटोकडं बघत त्या म्हणाल्या. "मला म्हणालते, आजचा दिवस निघंल त्यावर. भावजींचा आकडा मागनं आला."

"मग सरांना सांगितलं नाहीत?"

"विहिरीचं नाव काढलं की ताटावरनं उठून जायाचे. मग मला वाटाय लागलं, आता सांगितलं तर म्हणतील, इतकी वर्सं का गप बसलीसा?" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "एका घरात चाळीस वर्सं जेवलो, पर एवढं एक बोलणं ऱ्हायलं."

माझा हात धरून त्यांनी विचारलं, "खरं सांग, ऐकून घेतलं असतं काय गं त्यांनी?"